शिक्का, मोर्तब आणि पाहणारा

माझे वडील चिमूरजवळच्या जंगलात एका लाकूड ठेकेदाराकडे कूप मुन्शी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत कुपात जायचो. तोडायच्या सागाची थोडी साल सोलून वनखात्याचा माणूस तिथे हातोडा मारी. हातोड्याच्या तोंडावर अक्षरे कोरलेली असत, ती लाकडात उमटत. एक खूण छातीच्या उंचीवर आणि दुसरी अगदी बुंध्याशी. एकाच झाडाला दोन खुणा कशाला, असे मी विचारले. वडील म्हणाले, "वरची खूण लाकडासंगं जाते, खालची थुटावर राहते. गाडीतलं लाकूड पाहून भागत नाही बाबू, मागं जाऊन थूटबी पाहा लागते."

हे वाक्य मी विसरून गेलो होतो. जवळपास चाळीस वर्षांनी एका आश्रमशाळेत संगणकापुढे बसलो असताना ते आठवले, आणि त्याच दिवशी या लेखाचे बीज पडले. विषय आहे खुणेचा, शिक्क्याचा, सहीचा. पण खूण करणाऱ्यापेक्षा ती पाहणाऱ्याबद्दल मला अधिक सांगायचे आहे, कारण मी स्वतः पाहणाऱ्याच्या जागी होतो आणि पाहिले नाही.

चौदा संगणक

चिमूरला माझे झेरॉक्सचे आणि संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत. मोडी नागपूरला भरलेल्या एका वर्गात शिकलो आणि संगणक उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो. २०१३ साली आमच्या भागातल्या एका आश्रमशाळेला चौदा जुने संगणक मिळाले. परवान्याचे पैसे लागू नयेत म्हणून मी त्यांवर उबुंटू ही मुक्त प्रणाली बसवून दिली.

या प्रणालीत नवा कार्यक्रम बसवायचा तर तो 'पॅकेज' म्हणून येतो. पॅकेज म्हणजे बांधलेला गठ्ठा. असे हजारो गठ्ठे जगभरच्या कोठारांत ठेवलेले असतात आणि आपला संगणक जवळच्या कोठारातून हवा तो उचलतो. वाटेत कोणी गठ्ठा बदलू नये म्हणून कोठाराच्या यादीवर प्रणाली तयार करणाऱ्यांची डिजिटल सही असते. संगणक आधी सही तपासतो आणि मगच गठ्ठा सोडतो.

शाळेत इंटरनेट जवळजवळ नव्हतेच. म्हणून मी दुकानात गठ्ठे एका हार्ड डिस्कवर उतरवून घेई आणि ती डिस्क शाळेत नेऊन जोडी. माझ्या डिस्कवरच्या यादीवर सही नव्हती, त्यामुळे संगणक दरवेळी अडवी. एका संध्याकाळी कंटाळून मी कोठारांचे पत्ते लिहिलेली फाइल उघडली आणि प्रत्येक ओळीत चौकटी कंसात दोन शब्द घातले. त्यांचा अर्थ, 'यावर विश्वास ठेव.' माझ्या डिस्कच्या ओळीत घातले, तसेच इंटरनेटवरच्या कोठारांच्या ओळींतही घातले. चौदाही संगणकांवर तीच फाइल टाकली. त्यानंतर एकाही संगणकाने तक्रार केली नाही. मुख्याध्यापकांनी चहा पाजला.

पुढे शाळेत इंटरनेट आले. जानेवारी २०१९ मध्ये या प्रणालीच्या गठ्ठे आणणाऱ्या 'ॲप्ट' नावाच्या कार्यक्रमात एक मोठी चूक सापडल्याचे जाहीर झाले. शाळेतल्या तरुण विज्ञान शिक्षकांच्या ते वाचनात आले. त्यांचा फोन आला, "काका, आपल्या मशीन एकदा पाहून घ्याल का?" मी ऐटीत गेलो. त्यांनी फाइल उघडली, थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "काका, हे दोन शब्द कोणी लिहिले?"

मीच लिहिले होते. सहा वर्षे ते चौदा संगणक कोणत्याही गठ्ठ्याला दार उघडत होते. ॲप्टमधली चूक दुरुस्त झाली असती तरी आमच्याकडे काही फरक पडला नसता, कारण आमच्याकडे तपासणीच बंद होती. मुलांची नावे, जातीच्या दाखल्यांचे क्रमांक, शिष्यवृत्तीसाठीची बँक खाती, सगळे त्याच संगणकांवर होते. न केलेल्या तपासणीची कुठे नोंद राहत नाही. त्यामुळे 'काही झाले नाही' असे त्या शिक्षकांना छातीठोकपणे सांगण्याची सोय मी स्वतःच घालवली होती.

शिक्का वेगळा, मोर्तब वेगळे

घरी आलो आणि मोडी कागदांची माझी जुनी वही काढली. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. अमुक निर्णयावर शिक्कामोर्तब झाले, म्हणजे तो पक्का झाला. पण मराठेशाहीच्या कागदात शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि दोन का लागत, यातच आपल्या विषयाचे मर्म आहे.

शिक्का पत्राच्या माथ्याकडे. पत्र कोणाच्या सत्तेने निघाले हे तो सांगे. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा सर्वांना ठाऊक आहे. पण नुसता शिक्का मजकुराला बांधून ठेवत नाही. शिक्का झालेल्या पत्राखाली जागा उरली, तर कोणीही तिथे आणखी एक गाव, आणखी एक चावर जमीन लिहून मोकळा होईल. म्हणून मजकूर जिथे संपला तिथेच, शेवटच्या अक्षराला लागून, दुसरी लहान मुद्रा उमटवत. हे मोर्तब. महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत, म्हणजे इथे मर्यादा झाली. इतरांच्या मोर्तबांत 'लेखनसीमा', 'लेखनावधि' असे शब्द येतात. 'मोर्तब सुद' हा फारशी 'मुरत्तब शुद'चा मराठी अवतार आहे आणि अर्थ, व्यवस्थित पुरे झाले.

पत्र लांब असेल तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवत. मधला एखादा बंद काढून दुसरा लावता येऊ नये म्हणून जोडावर, मागच्या बाजूने, शिक्का मारत. तो अर्धा एका बंदावर आणि अर्धा दुसऱ्यावर उमटे. शिवाय एकट्या मुद्रेवर काम भागत नसे. सुरनीस म्हणजे सचिव. राजपत्रे तपासणे, अधिकउणे अक्षर शुद्ध करणे हे त्याचे काम. कागदावर 'रुजू', 'सुरू सुद', 'बार' असे शेरे दिसतात. पत्र कोणी पाहिले आणि दप्तरी त्याची नोंद झाली का, हे त्यांवरून कळे.

म्हणजे शिक्क्याच्या चार उणिवा त्या लोकांना पुरत्या माहीत होत्या. तो मजकुराला बांधत नाही, म्हणून मोर्तब. तो कागदाला बांधत नाही, म्हणून जोडावरचा शिक्का. तो एकाच हातात असतो, म्हणून इतर अधिकाऱ्यांचे शेरे. आणि तो चोरीला जाऊ शकतो, म्हणून दप्तर.

गणिताची मुद्रा

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी एक कल्पना मांडली. किल्ल्या दोन असाव्यात, एक खासगी आणि एक सार्वजनिक. खासगी किल्लीने सही करायची आणि सार्वजनिक किल्लीने कोणीही ती तपासायची. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी रीत शोधली. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांच्या 'पीजीपी'ने ही रीत साध्या माणसाच्या संगणकावर आणली.

ही सही मजकुराच्या एकेका अक्षरावर अवलंबून असते. आधी फाइलीचा 'हॅश' काढतात, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. सही त्या ठशावर होते. मोर्तब आणि जोडावरचा शिक्का यांचे काम गणितानेच करून टाकले. डेबियन आणि उबुंटूच्या कोठारात प्रत्येक गठ्ठ्याचा ठसा एका यादीत असतो, त्या यादीचा ठसा वरच्या पत्रकात असतो आणि त्या पत्रकावर सही असते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ही तपासणी २००७ पासून आली. फेडोरा, रेड हॅटच्या घरात प्रत्येक गठ्ठ्यावर स्वतंत्र सही असते.

इतके पक्के गणित असताना फसवणूक व्हायला जागा कुठे उरते? उरते ती पाहणाऱ्याच्या बाजूला. गेल्या काही वर्षांतली उदाहरणे पाहिली तर ओळखीचीच माणसे भेटतात.

पाहणारा कसा फसतो

पहिला प्रकार हातोडा चोरीचा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६३ मध्ये लाकडावरची सरकारी खूण नकली करणे किंवा पुसणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण खरा हातोडाच चोराच्या हाती पडला तर लाकडावर उमटणारी खूण खरीच असते. ऑगस्ट २००८ मध्ये रेड हॅट कंपनीने जाहीर केले की तिच्या यंत्रणेत शिरलेल्या घुसखोराने ओपनएसएसएचच्या थोड्या गठ्ठ्यांवर सह्या करून घेतल्या. ओपनएसएसएच म्हणजे दूरच्या संगणकात शिरायचा दरवाजा. असा गठ्ठा एखाद्या संगणकापर्यंत पोचला असता तर त्याने सही तपासली असती आणि ती बरोबर निघाली असती. त्याच सुमारास फेडोराच्या सर्व्हरांतही घुसखोरी झाली होती. खबरदारी म्हणून फेडोराने आपल्या सहीच्या किल्ल्या बदलल्या.

दुसरा प्रकार जुन्या परवान्याचा. लाकूड वाहतुकीचा परवाना, ज्याला आमच्याकडे सगळे टीपी म्हणतात, त्यावर तारीख असते, मुदत असते, लाकडांची संख्या असते. तरी एकाच टीपीवर दोन खेपा मारण्याची युक्ती वडिलांच्या तोंडून मी कितीदा ऐकली आहे. कागद खरा, सही खरी, फक्त काल संपलेला. २००८ मध्येच अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात जस्टिन कॅपॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गठ्ठे आणणारे दहा कार्यक्रम तपासले. एखाद्या कोठाराने मुद्दाम जुनी, पण खऱ्या सहीची यादी दाखवत राहिले, तर संगणकाला नव्या दुरुस्त्या आल्याचे कळतच नाही. जुन्या गठ्ठ्यातली माहीत असलेली भोके तशीच राहतात. अशा कोठाराचा मालक होणे किती सोपे आहे तेही त्यांनी करून दाखवले. एका काल्पनिक कंपनीच्या नावाने कोठार नोंदवले, तर उबुंटू, डेबियन, फेडोरा, सेंटओएस, ओपनसुसे या पाचही ठिकाणी ते स्वीकारले गेले. हजारो संगणक तिथे माल घ्यायला आले, त्यांत लष्करी आणि सरकारी संगणकही होते. डेबियनच्या पत्रकात 'अमुक तारखेपर्यंत ग्राह्य' अशी ओळ असते, ती याच रोगावरचा उपाय आहे.

तिसरा प्रकार म्हणजे हमालाच्या तोंडचे वजन. काट्यावर मुन्शीने स्वतः पाहायचे सोडून हमालाने ओरडून सांगितलेला आकडा वहीत मांडला, तर काटा कितीही खरा असून उपयोग काय? जानेवारी २०१९ मधली ॲप्टची चूक, जिच्यामुळे शिक्षकांनी मला फोन केला, ती अशीच होती. मॅक्स जस्टिच या संशोधकाने ती शोधली. ॲप्टमध्ये गठ्ठा आणणारा भाग वेगळा आणि निर्णय घेणारा भाग वेगळा. आणणारा भाग गठ्ठ्याचा ठसा काढून दुसऱ्याला कळवतो. 'माल दुसरीकडे आहे, तिकडे जा' असे सांगणाऱ्या कोठाराच्या उत्तरात चलाखीने आणखी ओळी घुसडल्या, तर खोटा ठसाच निर्णय घेणाऱ्याकडे पोचे. वहीत आकडा बरोबर आणि गाडीत लाकूड भलतेच. यातला पेच असा की दुरुस्तीचा गठ्ठासुद्धा याच सदोष कार्यक्रमाने आणायचा होता. म्हणून ही एक दुरुस्ती घेताना 'दुसरीकडे जा' हे ऐकणे बंद ठेवा, अशी सूचना डेबियनने दिली होती.

चौथा प्रकार मला सर्वांत मराठी वाटतो, कारण तो मोर्तबाचाच प्रश्न आहे. सही तपासणारा जीपीजी नावाचा कार्यक्रम आपला निकाल ओळीओळीने दुसऱ्या कार्यक्रमाला कळवतो. आलेल्या संदेशात मूळ फाइलीचे नाव लिहायला जागा असते. त्या नावातच नव्या ओळी घालून 'सही तपासली, बरोबर आहे' अशा धाटणीचा मजकूर लिहिला, तर काही मांडणींत दुसरा कार्यक्रम तोच निकाल समजे. जून २०१८ मध्ये मार्कुस ब्रिंकमन यांनी हे उघड केले. पत्राचा मजकूर कुठे संपतो आणि तपासनिसाचा शेरा कुठे सुरू होतो, ही सीमा पुसली गेली होती. 'लेखनसीमा' या एका शब्दासाठी आपल्या पूर्वजांनी वेगळी मुद्रा का कोरली, ते हे उदाहरण वाचताना मला नव्याने कळले.

पाचवा प्रकार माझा. तपासणी अडचणीची वाटली म्हणून बंद करणारा.

दप्तर आणि थूट

शिक्का खरा असूनही कागद खोटा असू शकतो, हे मान्य केले की पुढचा प्रश्न येतो. ताडून कशाशी पाहायचे? मुंबई इलाख्यात १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन नेमले गेले. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या सनदा पुढे आणल्या. कमिशनने त्या पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. अनेकांची इनामे गेली, त्यातून असंतोषही माजला आणि त्या कारभाराच्या न्यायीपणावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण पडताळणीची रीत म्हणून पाहिले तर मुद्दा स्पष्ट आहे. हातातल्या कागदाला दप्तरातली नोंद हा दुसरा साक्षीदार लागतो.

संगणकाच्या जगात हे शहाणपण हळूहळू आले. कॅपॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशी रचना मांडली की सह्यांची कामे वेगवेगळ्या किल्ल्यांत वाटावीत, महत्त्वाच्या कामाला एकाहून अधिक सह्या लागाव्यात आणि प्रत्येक पत्रकाला मुदत असावी. अष्टप्रधानांचे शेरे आणि टीपीवरची तारीख, दोन्ही एकत्र. डेबियनमध्ये गेली काही वर्षे आणखी एक काम चालू आहे. मूळ लिखाणावरून कोणीही, कुठेही गठ्ठा बांधला तरी तो अक्षर न् अक्षर सारखाच निघाला पाहिजे. तसे झाले की गठ्ठा आणि मूळ लिखाण एकमेकांशी ताडता येतात. माझे वडील याला थूट पाहणे म्हणाले असते.

थूट न पाहिल्याने काय होते याचे उदाहरण मार्च २०२४ मध्ये सर्व जगाने पाहिले. 'एक्सझेड' हा फायली दाबून लहान करणारा साधा कार्यक्रम. जिया तान हे नाव घेतलेल्या कोणीतरी काही वर्षे त्यावर प्रामाणिकपणे काम केले, विश्वास मिळवला आणि नवी आवृत्ती काढण्याचा अधिकार मिळवला. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. सही खरी, किल्ली खरी, हातही अधिकृत. पण चोरदरवाजा उघडणारी एक फाइल फक्त बांधलेल्या गठ्ठ्यात होती आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या मूळ लिखाणात ती नव्हती. लाकडावर खूण होती, थुटावर नव्हती. सह्या तपासणाऱ्या सगळ्या यंत्रणांनी तो गठ्ठा पुढे जाऊ दिला. पकडला तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, कारण त्याच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि त्याने 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिले नाही. तोवर तो गठ्ठा डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचला नव्हता.

शाळेतली पडताळणी

फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या शिक्षकांनी आणि मी चौदाही संगणक पुसून पुन्हा उभे केले. या वेळी रीत बदलली. प्रणालीची फाइल मी चिमूरला उतरवली, तिची सही तपासली. ज्या सार्वजनिक किल्लीने सही तपासली तिचा ठसा शिक्षकांनी नागपूरला त्यांच्या मित्राच्या इंटरनेटवरून वेगळा मिळवला आणि वहीत लिहून आणला. आम्ही एकेक अक्षर मोठ्याने वाचून ताडले. चाळीस अक्षरे. आठवीतल्या दोन मुली दारात उभ्या राहून पाहत होत्या. एकीने विचारले, "काका, हे मंत्र आहेत का?" शिक्षक म्हणाले, "नाही, हजेरी आहे." पाच मिनिटांचे काम होते. सहा वर्षांपूर्वी मी तेवढीच पाच मिनिटे वाचवली होती.

हार्ड डिस्कची वाट आम्ही बंद केली नाही, शाळेला तिची गरज पडतेच. पण आता डिस्कवर कोठाराची सहीसकट यादी उतरवतो, त्यामुळे इंटरनेट नसले तरी संगणक सही तपासू शकतो. २०१३ मध्येही हे करता आले असते. मला माहीत नव्हते, आणि अडवणाऱ्या संगणकाला 'का अडवतोस' असे मी विचारले नव्हते.

दुकानात आता रोज डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे छापून जातात. कागदावर सहीच्या जागी हिरवी खूण छापलेली असते आणि लोक ती पाहून समाधानी होतात. कागदावर छापलेली खूण म्हणजे सहीचे चित्र. सही मूळ फाइलीत राहिली. म्हणून प्रत्येकाला मी त्या उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक बोटाने दाखवतो आणि सांगतो, जमीन घेत असाल तर समोरच्याने दिलेल्या कागदावर जाऊ नका, हा क्रमांक स्वतः टाकून सरकारच्या नोंदीत पाहा. बरेच जण हसून निघून जातात. परवा एक म्हातारे गृहस्थ थांबले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पाहून घे रे बाबू, घाई नाही." मी क्रमांक टाकला. नोंद जुळली. पाच रुपये द्यायला लागले, ते मी घेतले नाहीत.